उंचावरच्या झोपेची चौकशी

मुलीचा फोन आला तेव्हा काटेसाहेब एका दुकानात गुडघे टेकून, मान वाकडी करून, तराजूच्या पारड्याखाली बोट फिरवत होते. पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं लोहचुंबक आता सापडणारच होतं; दुकानदाराचा उतरलेला चेहराच तसं सांगत होता. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि अर्धं आयुष्य तराजूचे काटे तपासण्यात गेल्यामुळे बाजाराने त्यांना ही पदवी दिली होती. बाजाराने ती प्रेमाने दिली नव्हती, पण साहेबांनी ती मानाने घेतली होती.

"बाबा, एक छोटंसं काम आहे," मुलगी म्हणाली.

माणसाच्या आयुष्यातली मोठी संकटं कधी "एक मोठं संकट आहे" म्हणून येत नाहीत. ती नेहमी छोट्याशा कामाचा वेष घेऊन येतात.

मुलगी लांब पल्ल्याची धावपटू होती. सध्या ती डोंगरावरच्या सराव शिबिरात होती. इतक्या उंचावर, की सकाळी खिडकी उघडली तर ढग खाली दिसायचे. शिबिराच्या शेवटी निवड चाचणी होती आणि तिच्यातून राष्ट्रीय संघ ठरणार होता. गेल्या वर्षी तिची जागा हुकली ती एका पापणीच्या अंतराने. घरात त्या विषयावर कोणी बोलत नसे. म्हणजे तो विषय घरात सदैव असे.

"कीटोनच्या बाटल्यांचं एक खोकं आपल्या गावच्या पार्सल ऑफिसात अडकलंय. डॉक्टरांना अभ्यासासाठी हवंय. तुम्ही ते सोडवून बसमध्ये टाकायचं, बस्स."

"बस्स ना? झालं म्हणून समज," काटेसाहेब म्हणाले आणि परत पारड्याकडे वळले. तोवर लोहचुंबक गायब झालं होतं. दुकानदार निरागसपणे छताकडे बघत होता.

पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने खोक्यावरचं नाव तीनदा वाचलं. त्यातलं एकदा मोठ्याने.

"कीटोन. म्हणजे ॲसिटोनचाच भाऊ ना? माझी बायको नखांचा रंग पुसायला वापरते ते?"

"हे पिण्याचं आहे," साहेब म्हणाले.

"नखांचा रंग पिण्याने कसा जाईल?"

साहेबांनी मोठ्या संयमाने समजावलं, की हे खेळाडूंसाठी असतं, रात्री झोपण्याआधी घेतात. कारकुनाने तेवढ्याच संयमाने खोक्यावर 'ज्वालाग्राही' अशी लाल चिठ्ठी डकवली आणि अग्निशमन दलाची हरकत नसल्याचं पत्र आणायला सांगितलं. अग्निशमन दलातला अधिकारी सज्जन होता. पेटणाऱ्या गोष्टींशी आमचा संबंध, पिण्याच्या गोष्टींशी नाही, असं सांगून त्याने त्यांना अन्न खात्याकडे धाडलं. अन्न खात्याच्या मते झोपेसाठी घेतात ते औषध. औषध खात्याच्या मते आजारी माणूस घेतो ते औषध. धडधाकट माणूस घेतो ते अन्न. साहेब स्वतः सरकारी नोकर. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात माणूस कसा टोलवला जातो हे त्यांना ठाऊक होतं, पण आजवर ते बॅटीच्या बाजूला होते. चेंडू होण्याचा हा पहिलाच प्रसंग.

संध्याकाळी ते पुन्हा पार्सलच्या खिडकीशी उभे राहिले आणि जन्मात कधी न काढलेलं अस्त्र त्यांनी बाहेर काढलं. "मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला? मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे."

"मग वजन सांगा. पेटतं का नाही ते तुम्ही कसं सांगणार?" कारकून म्हणाला. त्यात तसं चुकीचं काही नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं. मग त्यालाच दया आली असावी. "एक करा. पिण्याचं आहे म्हणता ना? मग पिऊन दाखवा. तुम्ही पेटला नाहीत, तर मी खोकं सोडतो."

खिडकीपुढच्या रांगेने माना पुढे काढल्या. काटेसाहेबांनी खोकं उघडलं, एका बाटलीचं बूच काढलं, मुलीचं नाव मनात घेतलं आणि एका दमात प्यायले.

त्या चवीचं वर्णन त्यांनी पुढे अनेकांना अनेक प्रकारे केलं. कडुनिंबाचा पाला रॉकेलमध्ये उकळून त्यात जुना बूट पिळला तर, ही त्यातली सर्वात सौम्य आवृत्ती. त्या क्षणी मात्र ते खांब धरून उभे राहिले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि ते एवढंच म्हणाले, "छान आहे."

"अन्नच आहे," कारकुनाने निर्वाळा दिला. "औषध इतकं वाईट नसतं."

खोकं सुटलं, पण लाल चिठ्ठी निघाली नाही. ती बघून बसच्या कंडक्टरने हात जोडले. "सोबत माणूस असेल तरच नेतो. पेटलं तर कुणाला तरी विचारायला नको?"

अशा रीतीने, बसमध्ये टाकायच्या खोक्यासोबत बसमध्ये टाकला जाणारा माणूस म्हणून काटेसाहेबांचं जाणं ठरलं.

ही बातमी इमारतीत पसरायला जिन्याचे दोन मजले पुरले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य लगेच खाली उतरले. तरुणपणी ते एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून डोंगर या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. "वर गेल्यावर बोलायचं नाही," ते म्हणाले. "बोलण्यात प्राणवायू खर्च होतो." हा मुद्दा ते रात्रीच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत समजावत होते. समोरच्या दंतवैद्यीणबाई लसणाची एक माळच घेऊन आल्या. ती हुंगायची की खायची की गळ्यात घालायची यावर दोघांचं एकमत झालं नाही. साहेबांची बायको तेवढ्या वेळात पिशवी भरत होती.

"दोन स्वेटर ठेवलेत."

"अगं, खोकं द्यायचं आणि त्याच बसने परत यायचं. स्वेटर कशाला?"

"असू देत," ती म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिचे निम्मे वाद या दोन शब्दांवर संपले होते, आणि प्रत्येक वेळी तीच जिंकली होती.

बसमध्ये साहेबांनी खोकं मांडीवर घेतलं. घाट सुरू झाला तशी त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा मागच्या निम्म्या बसमध्ये त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. सगळे प्रवासी पुढच्या भागात दाटीवाटीने बसले होते, काही जण तर उभे होते. लाल चिठ्ठीला भ्यालेले दिसतात, साहेबांच्या मनात आलं. अडाणी आहेत बिचारे. त्यांनी सगळ्यांकडे बघून धीर देणारं स्मित केलं. कोणी उलट हसलं नाही.

शिबिराच्या दारात ते उतरले, दहा पावलं चालले आणि खोकं खाली ठेवून दगडावर बसले. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. मागे बस वळली आणि आल्या वाटेने खाली निघून गेली.

"परतीची कधी?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

मुलगी धावत आली. ती त्या हवेतही धावत आली, हे साहेबांना विशेष वाटलं. वाळली होती, काळवंडली होती, पण डोळे चमकत होते. "बाबा! तुम्ही स्वतः आलात?" तिने एका हाताने खोकं उचललं, दुसऱ्या हाताने बापाला उचललं आणि दोन्ही आत नेली.

शिबिर म्हणजे एक लांबलचक लाकडी इमारत होती. मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधल्या भिंती फळ्यांच्या. एका टोकाला भोजनगृह, बाहेर तांबड्या मातीचा धावमार्ग, त्याच्याही खाली उतारावर धान्य-बटाट्याचं कोठार. सगळ्या मिळून आठ मुली होत्या. त्यांच्यावर एक प्रशिक्षकबाई, ज्या शिट्टीशिवाय काही बोलत नसत. आणि एक तरुण डॉक्टर, जे बोलायला लागले की थांबत नसत. साहेबांना मुलीच्या शेजारची खोली मिळाली. डॉक्टरांनी त्यांच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावून बघितला. चार दिवस पडून राहा, जास्त हिंडू नका, असं बजावलं आणि मग स्वतःच्या आवडीच्या विषयावर आले.

"त्याचं असं आहे काका, विरळ हवेत राहिलं की शरीर हळूहळू तांबड्या पेशी वाढवतं. खाली येऊन धावलं की त्याचा फायदा. पण इथे झोप तुटते. रात्री रक्तातला प्राणवायू उतरतो, श्वास वेडावाकडा होतो. आणि खेळाडू सरावाने घडत नाही, सरावानंतरच्या झोपेत घडतो. दमलेलं अंग झोपेत भरून आलं नाही, तर सगळा सराव पाण्यात. आता हे कीटोन. उपाशी माणसाचं शरीर चरबीतून हे इंधन स्वतःच करतं. तेच झोपण्याआधी बाहेरून दिलं, तर इथल्या झोपेत आणि थकव्यात काही फरक पडतो का, ते बघायचंय. निम्म्या मुलींना खरं, निम्म्यांना नुसतंच कडू पाणी. कोणाला काय, ते मलाही ठाऊक नाही."

"आणि फरक पडतो?"

"पडेलच असं नाही."

काटेसाहेबांनी खोक्याकडे बघितलं. चार खाती, एक घाट आणि ती चव त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. "पडेल," ते ठामपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भोजनगृहात आले तेव्हा सगळीकडे जांभया चालू होत्या. एक मुलगी अंडं सोलता सोलता पेंगत होती. प्रशिक्षकबाईंची शिट्टी अर्ध्यातच विरली. डॉक्टर आपल्या आलेखांवर डोकं धरून बसले होते. आठातल्या सात मुलींची झोप काल रात्री पार बिघडली होती. खरं कीटोन असो की कडू पाणी, सगळ्यांचीच. फक्त साहेबांच्या मुलीला ती डोंगरावर आल्यापासूनची सर्वोत्तम झोप लागली होती.

"पेयामुळेच," प्रशिक्षकबाई म्हणाल्या. "बंद करा ते. चाचणी तोंडावर आली आहे."

"एक रात्र अजून बघू," डॉक्टर गयावया करत म्हणाले.

दुसरी रात्रही तशीच गेली. आता मात्र काटेसाहेबांना राहवेना. ज्या पेयासाठी आपण रांगेत उभं राहून अब्रू पणाला लावली, त्याच्यावर असा आळ? निरीक्षकाचं रक्त उसळलं. पडून राहायचा सल्ला त्यांनी बाजूला ठेवला, दोन्ही स्वेटर एकावर एक चढवले आणि रीतसर चौकशी सुरू केली. आधी त्यांनी बोटाचे चिमटे तपासले. मग वजनकाटा तपासला. तो किंचित जड दाखवत होता. त्यांनी तो दुरुस्त केला आणि आठही मुली त्यांच्यावर खूश झाल्या. खिडक्यांच्या फटीत कागद कोंबले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. शेवटी एकेका मुलीला समोर बसवून त्यांनी जबानी घेतली.

"झोप कशाने मोडते?"

"आवाजाने, काका. पंप चालू असतो रात्रभर."

"कसा आवाज?"

समोर बसलेली पहिली मुलगी जरा घुटमळली. "म्हणजे आधी घर्र घर्र करत पाणी ओढतो. मग एकदम बंद पडतो. आपल्याला वाटतं, संपलं बाई एकदाचं. तेवढ्यात जोरात फुर्रर्र करतो आणि पुन्हा सुरू."

"हवा धरतोय," काटेसाहेब जाणकारपणे म्हणाले. "पाइपात कुठेतरी गळती असणार."

सातही मुलींनी पंपच सांगितला. त्यांची स्वतःची मुलगी मात्र म्हणाली, "मला नाही बाबा काही त्रास," आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. ती बराच वेळ वाकलेलीच होती.

साहेब पंप शोधायला निघाले. इमारतीच्या मागे तो सापडला. गंजलेला, तारा तुटलेल्या, वर चिमणीचं घरटं. पहारेकरी म्हणाला, हा बंद पडून दोन हिवाळे झाले. पाणी डोंगरातून आपसूक उतरतं. साहेबांनी घरट्याकडे संशयाने बघितलं. पण त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव सांगत होता, की जो पंप दिवसा बंद असतो तोच रात्री चालू असतो. दुकानदारांचंही तसंच असतं.

म्हणून त्या रात्री ते झोपलेच नाहीत. कांबळं लपेटून बोळात खुर्ची टाकून बसले. पहाटेपर्यंत पंपाने चकार शब्द काढला नाही.

सकाळी भोजनगृहाचा नूरच पालटला होता. मुली गाणी म्हणत होत्या, अंड्यांवर अंडी संपत होती, शिट्टी कडकडीत वाजत होती. डोळे तांबारलेले काटेसाहेब टेबलाच्या टोकाशी उभे राहिले आणि म्हणाले, "पंप मला घाबरला!" टाळ्या वाजल्या. आयुष्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदाच टाळ्या वाजत होत्या. बाजारात ते आले की शटर वाजायचं.

एकटी त्यांची मुलगी न खाता बसली होती. तिला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. "असतं एखाद्या दिवशी," ती म्हणाली.

विजयाच्या त्या रात्री साहेब गाढ झोपले. आणि पंप परत आला, पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने.

सकाळी डॉक्टरांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर चार रात्रींचे आलेख मांडलेले होते. डॉक्टर, जे बोलायला लागले की थांबत नसत, ते आज सुरूच होत नव्हते.

"काका, तुम्ही आलात तेव्हापासून पंप सुरू झाला."

"बरोबर. पण मी पंप आणला नव्हता. मी खोकं आणलं."

"तुम्ही जागे राहिलात त्या रात्री पंप बंद होता."

"माझ्या धाकाने."

"तुम्ही काल झोपलात आणि पंप पुन्हा चालू झाला. काका, काल रात्री मी तुमच्या खोलीत येऊन गेलो. तुमच्या बोटाला चिमटा लावून बघितला."

काटेसाहेबांच्या ध्यानात यायला तरीही वेळ लागला. ज्या माणसाने दुसऱ्याच्या तराजूतली राईएवढी खोट पकडली, त्याच्या स्वतःच्या नाकाखाली एवढी मोठी यंत्रणा चालू होती आणि त्याला पत्ता नव्हता! त्यांना मागची निम्मी बस आठवली. पुढे दाटीने उभे राहिलेले ते बिचारे प्रवासी आठवले. आपण त्यांच्याकडे बघून धीर दिला होता, हेही आठवलं.

त्यांनी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. "मी घोरतो, हे तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुझ्या ऐकण्यात काहीतरी चूक आहे, तपासून घे."

डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. "घोरण्याचं एक सोडा. पण मधेच तुमचा श्वास थांबतो, आणि हा प्रकार फक्त इथल्या उंचीचा वाटत नाही मला. खाली गेल्यावर झोपेची तपासणी करून घ्या. मुखवट्याचं एक यंत्र असतं, ते लावलं की श्वास रात्रभर नीट चालतो. टाळू नका."

"बघू," काटेसाहेब म्हणाले. तपासणी टाळणारा प्रत्येक दुकानदार त्यांना हेच म्हणत आला होता.

बस यायला अजून दिवस होते. साहेबांनी कोणालाही काही न सांगता आपली गादी उचलली आणि उतारावरच्या कोठारात बटाट्याच्या पोत्यांमध्ये नेऊन टाकली. मुलींना कळलं तेव्हा त्या घोळक्याने आल्या, "काका, तसं नाही हो, आम्हाला काही वाटलं नाही," म्हणू लागल्या. त्यातली एक बोलता बोलता जांभई देत होती. साहेबांनी मोठ्या मनाने हात वर केला. अपमान गिळताना माणसाने असा हात वर करावा. बघणाऱ्याला आशीर्वाद वाटतो.

मग इमारतीत खरोखर झोप उतरली. सात मुली टवटवीत झाल्या. पण साहेबांची मुलगी दिवसेंदिवस सुकत चालली. पहिल्या रात्री ती कशीबशी झोपली, दुसऱ्या रात्री नाहीच. सरावात पाय उचलेनात. जी मुलगी सगळ्यांच्या पुढे असायची ती घोळक्याच्या शेपटाला लागली. काटेसाहेब कोठाराच्या दारातून बघत होते. प्रशिक्षकबाईंनी तिला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. तिने नुसती मान हलवली.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती कोठारात आली. पोत्यावर बसली, बटाटा उचलून या हातातून त्या हातात खेळवला.

"बाबा, जरा झोपता का?"

"आत्ता? दिवसाढवळ्या?"

"माझ्यासाठी."

मुलीसाठी त्यांनी ते पेयसुद्धा प्यायलं होतं. झोपणं त्या मानाने सोपं. ते आडवे झाले, डोळे मिटले. पण ज्याला कळलं की आपण घोरतो आणि कुणीतरी ते ऐकायला बसलंय, त्याला झोप कशी येणार? लग्नाच्या फोटोत नैसर्गिक हसायला सांगावं तशी गत. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि अंदाजाने सुरू केलं, "घर्रर्र... घर्रर्र..."

मुलगी खुदकन हसली. "हे नाही, बाबा. हे अगदीच खोटं आहे."

"मग खरं कसं असतं?" साहेब उठून बसले. आता ते जरा दुखावलेही होते. निदान स्वतःचं घोरणं तरी आपल्याला जमावं.

मुलीने हातातला बटाटा खाली ठेवला. "खऱ्यात मधे एक थांबा असतो. मी लहान होते ना, तेव्हा तुमच्या शेजारीच झोपायचे. तुमचा श्वास थांबला की मला भीती वाटायची. मीपण श्वास धरून बसायचे. मग तुम्ही मोठ्ठा श्वास घ्यायचात, की मला वाटायचं, आहेत बाबा. आणि मला झोप लागायची. रोज तसंच. मोठी झाले तरी भिंतीपलीकडून ऐकत ऐकतच झोपायचे. इथे वर सगळं शांत असतं. मी पडल्या पडल्या त्या श्वासाची वाट बघते. तो येतच नाही. मला माहीत आहे की तुम्ही लांब आहात म्हणून येत नाही. पण रात्री ते पटत नाही."

काटेसाहेबांनी तिने खाली ठेवलेला बटाटा उचलून परत पोत्यात टाकला. आपण घोरून सात मुलींची झोप मोडली, याची त्यांना लाज वाटली होती. आठवीच्या झोपेवर आपण इतकी वर्षं काय ओझं ठेवलंय, हे मात्र त्यांना कोणत्याच काट्याने दाखवलं नव्हतं.

"म्हणून सांगितलं नाहीस होय, पंप कोणता ते?"

"तुम्ही इतकी चौकशी करत होतात. म्हटलं, करू देत."

"ऐक," ते म्हणाले. "डॉक्टरांनी तपासणी सांगितली आहे. मी 'बघू' म्हणालो होतो. आता बघू नाही. खाली गेल्या गेल्या करतो. ते मुखवट्याचं यंत्र देतील, ते लावतो. मग मी घोरणार नाही आणि माझा श्वासही थांबणार नाही. यापुढे रात्री काही ऐकू आलं नाही ना, तर तू असं समजायचं, की बाबांचा श्वास नीट चाललाय. शांत असेल तर सगळं ठीक आहे. आलं ध्यानात?"

"नक्की लावाल?"

"मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे," काटेसाहेब म्हणाले. हे वाक्य या आठवड्यात पहिल्यांदाच कोणावर तरी चाललं.

ती त्यांच्या गादीवर आडवी झाली. "आज तुम्ही झोपू नका मग. बसा नुसते."

"बसतो."

ते पोत्याला टेकून बसले. थोडा वेळ ती डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होती. मग बघणं कमी झालं, मग बंद झालं. स्वयंपाकी बटाटे न्यायला आला. बाजारात शटर पाडणारा तो हात साहेबांनी नुसता उचलला आणि स्वयंपाकी पाऊल न वाजवता मागच्या मागे गेला. रात्री सूपमध्ये बटाटे नव्हते. कोणी कारण विचारलं नाही. प्रशिक्षकबाई दाराशी आल्या, त्यांनी ओठांकडे नेलेली शिट्टी परत खिशात ठेवली आणि उन्हात उभ्या राहिल्या. डॉक्टर चिमटा घेऊन आले, तेव्हा साहेबांनी त्यांनाही थांबवलं. सगळंच मोजायचं नसतं, असं ते खुणेने म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत ही खूण त्यांनी प्रथमच केली.

ऊन कलेपर्यंत मुलगी झोपली. उठून पोटभर जेवली आणि रात्री आपल्या खोलीत जाऊन पुन्हा झोपली.

चाचणी सकाळी झाली. पहिल्या फेऱ्यांत ती मागेच होती. काटेसाहेबांनी धावमार्गाच्या कुंपणाचा खांब असा धरला होता, की तो पुढे वाकडाच राहिला. मग ती एकेकीला मागे टाकत आली. शेवटच्या वळणावर तिघीजणी एका रेषेत होत्या. ती दुसरी आली. संघात दोघींना जागा होती.

डॉक्टरांचा अभ्यास बाद झाला. कीटोनने उंचावरच्या झोपेत फरक पडतो की नाही, हे पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागणार होतं, आणि या वेळी शिबिरात पाहुणे नकोत अशी अट ते घालणार होते. साहेबांनी त्यांची मनापासून माफी मागितली. डॉक्टर म्हणाले, "असू द्या काका, विज्ञानात असं होतं."

बस आली. मुलगी सोडायला दारापर्यंत आली होती. तिने पिशवी आत ठेवली आणि कंडक्टरच्या कानात काहीतरी सांगितलं. कंडक्टरने मान डोलावली. मग त्याने काटेसाहेबांना हाताला धरून, मोठ्या आदराने, थेट मागच्या शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. साहेबांनी कोणालाही स्मित केलं नाही. ते ताठ बसले, खिडकीतून हात हलवत राहिले, आणि मुलगी दिसेनाशी झाली तरी खालचं गाव येईपर्यंत त्यांनी एक क्षणही डोळा मिटला नाही.